गॅस संपत नाही, कुठून तरी जातो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक रावेर परिसरातले केळी बागायतदार आहेत. घरात १३ वर्षं जुनी, डबल केबिनची डिझेल पिकअप आहे. तीन वर्षांपासून दर मार्चमध्ये ते एसीत गॅस भरून घेतात. वीस-पंचवीस दिवस केबिन गार राहते आणि ऐन एप्रिलात गरम हवा सुरू होते. यंदा एका गॅरेजने कॉम्प्रेसर गेल्याचं सांगून १९,००० रुपयांचा खर्च काढला. दुसऱ्याने सांगितलं, जुन्या गाडीवर एवढा पैसा घालू नका, दरवर्षी गॅस मारत जा. एक मित्र म्हणतो, कॅन आणि पाइप मागवून घरीच भर. धाकट्या भावाला गाडीच विकायची आहे. गाडी मुख्यतः त्यांचे ६४ वर्षांचे वडील, आप्पा, चालवतात. त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि 'आम्ही काचा खाली करून आयुष्य काढलं, एसी म्हणजे चैन' असं त्यांचं म्हणणं आहे. तीन वर्षांपूर्वी रेडिएटर बदलल्याचा उल्लेखही पत्रात जाता जाता आला आहे. प्रश्न असा: गॅस भरू, कॉम्प्रेसर बदलू, की गाडी विकू?

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही पर्याय विचारलेत, पण मला त्याआधीचं एक विचारायचं आहे. तीन वर्षं भरलेला गॅस गेला कुठे? हा प्रश्न पत्रात नाही आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनीही तो काढलेला दिसत नाही.

'गॅस संपला' असं आपण सगळेच म्हणतो, डिझेल संपल्यासारखं. पण एसीतला गॅस जळत नाही की खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता सोडतो आणि द्रव होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटताना तो एकदम गार पडतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता उचलतो आणि वायू होऊन पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. घरच्या फ्रीजमध्ये दर मार्चला गॅस भरावा लागला असता, तर तुम्ही पहिल्याच वर्षी दुकानदाराला जाब विचारला असता.

गाडीचा एसी फ्रीजइतका बंदिस्त नसतो, हे मान्य. फ्रीजचा कॉम्प्रेसर मोटरसकट एका सीलबंद डब्यात असतो. गाडीतला इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा शाफ्ट बाहेर येतो आणि तिथे सील लागतं. इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, म्हणून मधे रबरी होज द्यावे लागतात. त्या रबरातून आणि सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात. पाच-सात वर्षांनी कूलिंग जरा मंदावलं तर मी समजू शकते. वीस दिवसांत केबिन तापते, म्हणजे सरळ लीक आहे, आणि चांगलं मोठं आहे.

हे ऐकून वाईट वाटेल, पण यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. वर्षभराने जाणवणारं लीक शोधताना भल्याभल्यांचा घाम निघतो. तीन आठवड्यांत गाडी रिकामी करणारं लीक साबणाच्या पाण्यालाही सापडतं. तुमचं सापडलं नाही याचं कारण मला एकच दिसतं: ते कुणी शोधलंच नाही.

यात सगळा दोष मिस्त्रींचा आहे असं मला वाटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या एसी वर्कशॉपमध्ये मी २० वर्षं काढली. सुरुवातीला आम्हीही गॅस भरून गाड्या परत पाठवत होतो. गिऱ्हाईक यायचं तेच 'गॅस मारून द्या' म्हणत. दोन तास लीक शोधला तर त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसायचं, गॅसचे मात्र लगेच मिळायचे. त्यात किती जणांचे कॉम्प्रेसर आम्ही आतून झिजू दिले, हे पुढे कळलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की तेलही नीट परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. म्हणजे त्या वीस दिवसांनंतर 'थोडी तरी गार हवा येतेय' म्हणून एसी चालू ठेवला असेल, तर तेच दिवस सर्वांत महागाचे. आज ही ओळ वाचून झाली की एसीचं बटण बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका.

आता रेडिएटरकडे येते. तुम्ही सहज लिहिलं आहे, पण मी त्याच ओळीवर अडकले. तीन वर्षांपूर्वी रेडिएटर बदलला आणि तीन वर्षांपासूनच गॅस टिकत नाही. कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसलेला असतो. रेडिएटर काढताना तो सरकवावा लागतो आणि बऱ्याचदा त्याचे दोन्ही पाइप खोलावे लागतात. त्या जोडांत रबराची ओ-रिंग असते. ती उघडली की नवी घालायची, एसीचीच घालायची आणि कॉम्प्रेसरच्या तेलात बुडवून बसवायची, असा नियम आहे. घाईत जुनीच चपटी झालेली रिंग परत बसते, किंवा हाताला लागेल ती साधी काळी रिंग लागते, आणि गॅस व तेल लागून ती फुगते. तुमच्या गाडीत हेच झालं आहे अशी खात्री मी इथे बसून देऊ शकत नाही. पण शोध तिथून सुरू करा, एवढं ठामपणे सांगते.

आणि तो तुम्ही स्वतः सुरू करू शकता. गॅस सुटतो तिथे तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. टॉर्च आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घ्या. कंडेन्सरचे दोन्ही जोड, कॉम्प्रेसरवर येणारे होज, होजला जिथे धातूची टोपी दाबून बसवली आहे ती जागा, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, ड्रायरची (गॅसमधली ओल शोषणारी) बाटली, सगळं पुसत जा. कोरडी माती निघाली तर काही नाही. काळपट, तेलकट माती निघाली तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. गॅस भरायच्या दोन तोट्यांवरची प्लास्टिकची टोपणंही बघा. आत ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, तीही गळते. टोपण हरवलेलं असेल तर त्यात माती जाऊन नक्कीच गळते. ही पिन अगदी किरकोळ किमतीत येते.

कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असल्यामुळे ती अशी पुसता येत नाही. केबिनखाली एसीचं पाणी जिथून ठिबकतं, त्या नळीच्या तोंडाला तेलकटपणा असेल तर कॉइलवर संशय घ्यायचा. तसं निघालं तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी बरीच होते. हे आधीच सांगते, म्हणजे त्या वेळी धक्का बसणार नाही.

मग गॅरेजमध्ये जा, पण बोलायची भाषा बदला. 'गॅस भरा' म्हणू नका. म्हणा, 'गॅस नकोच, आधी नायट्रोजन मारून लीक दाखवा. शोधायचे पैसे वेगळे देतो.' चांगल्या मिस्त्रीचा चेहरा हे ऐकून उजळतो, हा माझा अनुभव आहे. कोरडा नायट्रोजन १५० ते २०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) भरतात, जोडांवर साबणाचं पाणी लावतात आणि निदान अर्धा तास काटा बघतात. पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, तिच्यात ओल असते. ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी जोडायला निघाला तर गाडी बाहेर काढा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. साबणाने सापडलं नाही तर गॅसमध्ये चमकणारा डाय, म्हणजे रंग, घालून चार दिवस गाडी चालवतात आणि रात्री अतिनील टॉर्चने बघतात. जिथे हिरवट-पिवळं चमकेल, तिथे गळती.

गॅस भरण्याआधी पंपाने सिस्टममधली हवा ओढून घेतात, त्याला व्हॅक्यूम म्हणतात. 'व्हॅक्यूम टिकला, लीक नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. त्यावर विसंबू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते, तीही फक्त सुमारे १५ पीएसआयने. भर उन्हात चालत्या एसीत आतून बाहेर २५० पीएसआयच्या वर दाब जातो. जो जोड पहिला भार सहज सोसतो, तो दुसऱ्यापुढे तोंड उघडतो. व्हॅक्यूमचं खरं काम ओल काढणं हे आहे. दाब इतका उतरला की पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि पंपाने ओढलं जातं. त्यासाठी निदान अर्धा-पाऊण तास लागतो. तुमच्या आधीच्या भरण्यांना किती वेळ लागला होता, आठवून बघा. वीस मिनिटांत गाडी हातात मिळाली असेल, तर व्हॅक्यूम झालाच नव्हता. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल तयार करते, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन बसते. एसी गार चालतो, मधेच बंद पडतो, गाडी थोडी थांबवली की पुन्हा गार होतो, अशी तक्रार असणाऱ्या वाचकांनी आधी ओलीचाच विचार करावा.

लीक काढल्यावर ड्रायर नवा घाला. त्याच्या आतले दाणे ओल शोषतात, आणि इतक्या वेळा उघडलेल्या सिस्टममध्ये ते केव्हाच भरून गेलेले असतात. नव्या ड्रायरची टोपणं सर्वांत शेवटी, बसवतानाच उघडायची.

आणि गॅस वजनावर भरून घ्या. ही गोष्ट मी जरा थांबून सांगते, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. मीटरचा काटा दाब सांगतो, प्रमाण सांगत नाही. इंजिन बंद, हवा ३० अंश असेल, तर आर-१३४ए या एसीच्या गॅसचा काटा ९७ पीएसआयच्या आसपास उभा राहतो. सिस्टममध्ये द्रव गॅस चमचाभर उरलेला असो की भरपूर, आकडा तोच. घरच्या सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे आपण शेगडीच्या ज्योतीवरून ठरवत नाही, सिलिंडर उचलून बघतो. इथेही काटा म्हणजे वजनकाटा. तुमच्या गाडीत किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकर गेला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल सांगून विचारा. जास्त भरला की जास्त गार होतं, हाही गैरसमज. जास्त गॅसने दाब चढतो, हवा कमी गार होते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

म्हणूनच घरी कॅन लावायचा तुमच्या मित्राचा सल्ला मला पटत नाही. त्या पाइपावर एकाच बाजूचा छोटा मीटर असतो, व्हॅक्यूम नसतो, वजन नसतं, आणि लीक तर जिथल्या तिथे राहतं. चुकून जास्त दाबाच्या तोटीला जोडला तर कॅन हातात फुटू शकतो. द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. लीक बुजवणारं औषध मिळतं, तेही नको. ते व्हॉल्व्हमध्ये अडकतं आणि गॅरेजचं मशीनही खराब करतं, मग पुढचा मिस्त्री गाडीला हात लावत नाही.

गॅस सीलबंद सिलिंडरमधूनच घ्या, लेबल वाचून. स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रण 'जास्त गार करतं' असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, केबिनमध्ये माणसं बसतात. २०११ साली जहाजावरच्या शीत कंटेनरांत आर-१३४एच्या नावाखाली भलताच गॅस भरला गेला. त्याची आतल्या ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होऊन स्फोट झाले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये काम करणारी माणसं गेली. स्वस्तातला गॅस घेताना हे आठवा.

गळून गेलेल्या गॅसचा आणखी एक हिशेब आहे. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर १०० वर्षांच्या मोजणीत तो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. अर्धा किलो गॅस म्हणजे जवळजवळ २६५ लिटर डिझेल जाळल्यासारखं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय किगाली करारात या गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे, तेव्हा तुमच्या गाडीला गॅस मिळत राहील. पण बागेवर उन्हाचे दिवस कसे वाढत चालले आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता.

आता कॉम्प्रेसर. तो गेला आहे असं सांगणाऱ्याने कशावरून सांगितलं? गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याशी जोडणारा भाग, लागूच देत नाही. कॉम्प्रेसर वाचावा म्हणूनच ती सोय असते. वरवर बघणाऱ्याला मात्र 'कॉम्प्रेसर चालत नाही' एवढंच दिसतं. तेव्हा लीक काढून, वजनावर गॅस भरून, जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावूनच निकाल घ्या. क्लच लागलेला असूनही दोन्ही काटे जवळजवळ सारखेच राहिले, तर तो पंप करत नाही. दुसरी खूण तेलाची. पाइप खोलल्यावर तेल काळं असेल आणि त्यात धातूचा चकाकणारा कीस असेल, तर कॉम्प्रेसर खरंच संपला. मग नुसता तो बदलून भागत नाही. कीस कंडेन्सरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये गेलेला असतो, ते साफ केलं किंवा बदललं नाही तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. १९,००० मध्ये ड्रायर, व्हॉल्व्ह, कंडेन्सरची सफाई, तेल आणि गॅस धरलं आहे का, हे कागदावर लिहून घ्या. भंगारातला कॉम्प्रेसर घ्यायची वेळ आली तर दोन्ही तोंडं बंद असलेलाच घ्या. उघडा पडलेला असेल तर आतलं तेल हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं.

आणखी दोन साध्या गोष्टी. रस्त्याला लागलं की गार आणि बाजारात थांबलं की गरम, असं होत असेल तर पंखा किंवा कंडेन्सरची जाळी बघा. आपल्या भागात कापसाचे तंतू आणि पाचटाचा भुसा तिथे गोधडीसारखा बसतो. साध्या नळीच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे धुवा. प्रेशर वॉशरने जाळीची पाती वाकतात. आणि जुन्या पिकअपमध्ये हिटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे. एसी गार करतो आणि शेजारचा हिटर तापवत राहतो. एसी लावल्यावर हिटरचे दोन्ही होज गरम लागले तर तो व्हॉल्व्ह तपासून घ्या.

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे का? असू शकतं, पण त्याचा निर्णय एसीवरून करू नका. मालवाहू नोंद असलेल्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. इंजिन, चेसिसचा गंज, स्टिअरिंग यांवर मोठा खर्च समोर असेल, तर विकायचा विचार योग्य. इंजिन धड असेल तर एका ओ-रिंगसाठी नव्या गाडीचा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

आप्पांचं वाक्य मला कुठेतरी लागलं, कारण माझे वडीलही असंच म्हणायचे. त्यांच्या कष्टांचा मान ठेवूनच सांगते, काच खाली केल्याने गार वाटतं ते हवा अंगापेक्षा थंड असते तोवर. मे महिन्यात रावेरला पारा ४३-४४ ला जातो. तेव्हा खिडकीतून येणारा वारा अंगाला तापवतो, आणि शरीराला वाचवायला फक्त घाम उरतो. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, म्हणजे घामासाठी लागणारं पाणीही कमी पडतं. त्यांची गोळी कोणती, हे डॉक्टरांना एकदा उन्हाच्या संदर्भात विचारा. आणि एसीला चैन म्हणण्याचे दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला आहे. तुमची पिकअप त्या नियमात येत नाही, पण चालवणारा माणूस तोच असतो. हे तुम्ही सांगून त्यांना पटणार नाही कदाचित. डॉक्टरांसमोर विषय काढा. दुरुस्ती होईपर्यंत दुपारी बारा ते चारच्या फेऱ्या तुम्ही करा.

एसी नीट झाला की हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहील. केबिनमध्ये गार हवा येते त्या झडपेत साधा थर्मामीटर ठेवून पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. महिन्याने त्याच वेळी, तशाच उन्हात पुन्हा बघा. आकडा तोच असेल तर गॅस जागेवर आहे.

उद्या सकाळी आप्पांना बॉनेटजवळ बोलवा. रेडिएटर बदलला तेव्हा तेच गाडी घेऊन गेले असतील, तर कुठले पाइप खोलले होते ते त्यांना आठवत असेल. कापड आधी तिथेच फिरवा. ते पांढरंच निघालं, तरी मला कळवा.